नोलाची काठी आणि मर्व्हचं बाक

मर्व्ह पायबसने आयुष्यात सुरू केलेली कामं मोजायला बसलं, तर टास्मानियात त्याच्याएवढा उद्योगी माणूस सापडायचा नाही. पूर्ण केलेली मोजायची म्हटली, तर विषय बदललेला बरा. अंगणात वर्षानुवर्षं एक होडी उपडी पडली होती. तिच्याखाली कोंबड्यांच्या कित्येक पिढ्या अंडी घालून गेल्या. स्वयंपाकघरातल्या कपाटांना दारं होती, मुठी नव्हत्या. त्याची बायको नोला ती लोणी लावायच्या सुरीने उघडायची. आरंभशूर हा शब्द या गावाला ठाऊक असता, तर लोकांनी तो मर्व्हच्या फाटकावर रंगवला असता. फाटकही अर्धवटच होतं म्हणा.

नोला दुसऱ्यांदा पडली तेव्हा मात्र त्याची घाबरगुंडी उडाली. तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरीणबाईंनी काठी वापरायला बजावलेलं, आणि ही बाई काठी छत्र्यांमध्ये खुपसून मोकळी.

"पुन्हा पडलीस तर मी काय करू?" मर्व्हने विचारलं.

"अँब्युलन्सला फोन कर. तेवढं काम तरी तडीस ने."

"नोला, काठी धर गं."

"धरीन की. ज्या दिवशी तू हातात घेतलेलं एक तरी काम पुरं करशील, त्या दिवशी. दीपगृहाच्या चढावर मला दम लागतो ना, तिथे बाक करून दे. पण जरा जरी अर्धवट राहिलं, तर काठी जाईल त्या होडीखाली, कोंबड्यांना बसायला."

बायकांनी घराबाहेर काढलेल्या म्हाताऱ्यांसाठी गावात एक शेड आहे. तिथे ते रंधे मारतात, बिस्किटं खातात आणि एकमेकांच्या कामात खुसपटं काढतात. मर्व्हने तिथे जाऊन आपला दोस्त ब्लू याला गाठलं. तरुणपणी ब्लूचे केस लालभडक होते, म्हणून त्याचं नाव पडलं ब्लू, म्हणजे निळ्या. इकडे नावं अशीच पडतात. आता केस गेले, नाव राहिलं.

"बाक?" ब्लू म्हणाला. "गड्या, त्यापेक्षा नोलालाच उचलून ने चढावर. लवकर होईल."

पण या खेपेला मर्व्ह वेगळाच होता. ब्लॅकवूड लाकडाच्या फळीवर त्याने असा रंधा मारला की तिच्यावरून हात फिरवल्याशिवाय शेडमधल्या कुणाला चहा गोड लागेना. खालचा पाया तांब्याचा, एका मोडीत निघालेल्या बोटीच्या बुडाचे पत्रे ठोकून केलेला. ठोकून आणि घासून तांबं लालबुंद झालं होतं, आणि तेच मर्व्हला खटकत होतं.

"हिरवं पाहिजे," तो म्हणाला. "धक्क्यावरच्या जुन्या बोटींसारखं."

"मग मार रंग."

"रंग नाही रे. पिकवायचं. माझा बाप करायचा तसं. पिंपात लाकडाचा भुसा घालायचा, त्यात तांबं पुरायचं आणि भुसा भिजवायचा."

"कशाने?"

मर्व्हने ब्लूच्या कपात आणखी चहा ओतला, आणि कोपऱ्यातल्या बादलीकडे बोट दाखवलं.

त्या दिवसांत शेडमध्ये जेवढा चहा ढोसला गेला तेवढा पूर्वी कधी गेला नसेल. म्हातारे घरी जायची वेळ झाली तरी कर्तव्य म्हणून थांबायचे, आणि एकेक जण बादली घेऊन दाराआड जाऊन यायचा. शेवटी पिंप उघडलं, भुसा झटकला, धुऊन पुसून पाहिलं, तर तांब्यावर असा हिरवा-निळा रंग चढला होता की टवाळखोर ब्लूनेसुद्धा टोपी काढली. मर्व्हच्या डोळ्यांत पाणी आलं. वासाने असेल, असं तो म्हणाला.

गावचं काही उभं करायचं तर इकडे शनिवारी सगळे फावडी घेऊन जमतात, घरून काहीतरी करून आणतात, आणि रिकाम्या हाताने कुणी बसायचं नाही असा दंडक असतो. त्या शनिवारी बाक चढावर बसवलं आणि पुरुषमंडळी खाली सॉसेजवर तुटून पडली. नोलाला जड उचलायची बंदी होती. पण रिकामी कशी बसणार? बाजूला माशांवर पिळायची लिंबं होती, मीठ होतं.

मर्व्ह शेडमधल्या मंडळींना घेऊन वर आला तेव्हा बाकाचा पाया नव्या पैशासारखा लखलखत होता. नोला गवतावर बसून चिंधी पिळत होती.

"बघतोस काय?" ती म्हणाली. "शेवटचा हात मारायचा राहिलाच होता तुझा, नेहमीसारखा. वर लाकूड चकचकीत आणि खाली नुसतं शेवाळ."

ब्लूच्या हातातलं सॉसेज खाली पडलं. "नोला, ते शेवाळ नव्हतं! आम्ही सगळ्यांनी मिळून..."

"ब्लू," मर्व्ह म्हणाला, "चहा घे."

खरं सांगावं असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सांगितलं, की बाक पुन्हा अर्धवट. पुन्हा पिंप, पुन्हा भुसा. मर्व्हला स्वतःची चांगली ओळख होती. बाक होडीशेजारी जाऊन पडलं असतं. आणि नोला काठीशिवाय चालत राहिली असती.

"राहिलं होतं खरं," तो म्हणाला. हे बोलताना त्याला फार वाईट वाटलं. "बरं झालं तू केलंस."

नोलाने वाकून बाक खालून पाहिलं, एखादा स्क्रू राहिलाय का म्हणून. मग ती बाकावर बसली आणि तिने समुद्राकडे पाहिलं.

"आण ती काठी," ती म्हणाली. मग तिने हात नाकाशी नेला. "मर्व्ह, हा वास कसला रे?"

"जुनं तांबं," मर्व्ह म्हणाला. शेडमधले सगळे समुद्राकडे बघू लागले.

आता नोला रोज काठी टेकत चढावर जाते. पण खारा वारा कुणाचं ऐकतो? थोड्याच दिवसांत तांबं काळवंडलं आणि कडेकडेने हिरवं पडू लागलं. म्हणून नोला गाण्याच्या मंडळाला गेली की मर्व्ह हळूच वर जातो आणि गुडघे टेकून घासत बसतो. ब्लूने त्याला तसं पकडलं.

"अरे लेका, तुला हवं होतं ते हिरवं फुकटात येतंय की! राहू दे."

"राहू देऊ? तिला दिसलं तर म्हणेल, काम अर्धवट आहे," मर्व्ह म्हणाला, आणि त्याने खिशातून लिंबाची दुसरी फोड काढली.