कपिलधारचा चढ

त्या दिवशी मी कपिलधारला स्वामींच्या समाधीच्या दर्शनाला निघाले तेव्हा मनात भक्ती कमी आणि राग जास्त होता, हे आधीच कबूल करते. दोन दिवसांनी माझी गाडी विकली जाणार होती. यांनी गिऱ्हाईकही पाहून ठेवलं होतं. “विकायच्या आधी एकदा स्वामींच्या पायांवर घालून आणू,” असं हे म्हणाले आणि मी तोंड फुगवूनच स्टिअरिंगवर बसले. ज्यांच्या पायांवर घालायची त्यांनाच ती वाचवायला काय झालं होतं, असं मला सारखं वाटत होतं. लहानपणापासून गळ्यात इष्टलिंग आहे, पूजा एक दिवस चुकवलेली नाही, आणि एवढीशी गोष्ट स्वामींच्याने होत नाही! देवाशी मी अशीच भांडते. शाळेतली बाई आहे, आवाज चढायला वेळ लागत नाही.

एका जुन्या गाडीचं एवढं काय, असं कुणालाही वाटेल. माझा डावा पाय लहानपणच्या पोलिओने बारीक राहिलाय. क्लच दाबणं या जन्मी शक्य नव्हतं. पंचवीस वर्षं मी शाळेला कुणाच्या तरी मागे बसून गेले. कधी हे, कधी एखादे गुरुजी, कधी गावातलं कुणी. माणसं चांगली होती, पण त्यांना निघायचं असेल तेव्हाच मला निघावं लागायचं. पन्नाशी उलटल्यावर ही ऑटोमॅटिक गाडी वापरलेलीच घेतली. हिला क्लच नाही, म्हणजे डाव्या पायाला कामच नाही. बीडच्या गर्दीत रिक्षावाल्यांशी हुज्जत घालत मी ती चालवायला शिकले. कुणाचीही वाट न बघता “येते मी” म्हणून घराबाहेर पडण्यात काय सुख असतं, ते मला त्या वयात कळलं.

दीड वर्षाने मात्र तिने रंग दाखवायला सुरुवात केली. पाय दाबावा तसं इंजिन ओरडायचं आणि गाडी जागच्या जागी रेंगाळायची. सकाळी बरी असायची, तापली की जास्त करायची, आणि चढ आला की हातपाय गाळायची. बीडमधल्या एका मिस्त्रीला दाखवली. त्याने गाडी बंद केली, गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी उपसून पुसली, पुन्हा बुडवून पाहिली आणि मान हलवली. “म्याडम, तेल तर काठोकाठ हाय. गिअरबॉक्सच बसला म्हना की.” दुसऱ्यानेही तसंच पाहिलं आणि तसंच सांगितलं. नवा गिअरबॉक्स घालायचा म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. हे बिचारे मला समजावत राहिले. मी दोन दिवस जेवले नाही.

कार्तिकातली यात्रा नुकतीच उरकली होती, त्यामुळे देवळात गर्दी नव्हती. समाधीपुढे डोकं टेकवलं तेही रागातच. परत निघालो आणि व्हायचं तेच झालं. दरीतून वर येणाऱ्या चढावर इंजिनाने आकांत मांडला आणि गाडी पुढे जायची सोडून मागे सरकायला लागली. मी घाबरून ब्रेक दाबला, हळूहळू मागे घेत खालच्या सपाट जागेवर आणली आणि तिथे मला रडूच कोसळलं.

हे किल्ली बंद करायला वाकले. उभ्या गाडीत पेट्रोल जळलेलं यांच्या जिवाला लागतं. गाडी थांबली रे थांबली की यांचा हात किल्लीवर. तेवढ्यात कडुलिंबाखाली भाकरी खात बसलेला एक माणूस हात हलवत धावत आला.

“बंद करू नगा भाऊ! चालूच ऱ्हाऊ द्या!”

कपाळाला भस्म, अंगावर घामाने भिजलेला सदरा, तोंडात अजून घास. गेवराईकडचा होता, रस्त्याच्या कामावर वीस वर्षं खडी भरायचा लोडर चालवत होता. आमची गाडी चढावर ओरडली तेव्हाच त्याने कान टवकारले होते.

“कावून बंद करता? ह्याचं तेल चालू इंजनावरच बघायचं आस्तंय. बंद केलं की आतलं समदं खाली येऊन बसतंय, मंग पट्टी भरल्याली दिसती. आमच्या लोडरचंबी आसंच हाय.”

हे म्हणाले, “अहो, दोन मिस्त्रींनी पाहिलंय.”

“बघितलं आसंल. बंद करूनच बघितलं ना?”

यांनी किल्लीवरचा हात काढून घेतला.

त्याने मला ब्रेकवर पाय ठेवायला लावून लिव्हर सगळ्या खुणांवरून एकेकदा फिरवून आणायला सांगितलं. मग पार्किंगला ठेवून हँडब्रेक ओढायला लावला, पट्टी काढली, स्वच्छ फडक्याने पुसली आणि पुन्हा बुडवून माझ्यासमोर धरली. नुसत्या टोकाला एक थेंब होता, बाकी सगळी कोरडी. तो थेंब त्याने बोटावर घेतला, हुंगला आणि मलाही हुंगायला लावला.

“जळका वास न्हाई. रंगबी अजून लालच हाय. गिअरबॉक्स मेला न्हाई ताई, उपाशी हाय.”

गाडीखाली वाकून त्याने तेलाच्या नळीवरची एक सैल झालेली क्लिप दाखवली. तिथून थेंब थेंब पाझरत होतं. मग इंजिन बंद करून, नळी जराशी निवाल्यावर त्याने ती आवळून दिली. “पुस्तकात लिवलंय तेच तेल घाला, दुसरं लई सोस्त मिळालं तरी नगा घालू. अन् तवर गाडी हलवू नगा.” एवढं सांगून, हात धुऊन त्याने नमस्कार करत “शरणार्थ” म्हटलं आणि मोटरसायकलला किक मारली. नाव विचारायचं माझ्या लक्षातच आलं नाही.

त्या मिस्त्रींना मी दोष देत नाही. जन्मभर त्यांनी क्लचच्याच गाड्या उघडल्या, आणि इंजिनाचं तेल बंद गाडीतच बघतात. जे येतं तेच माणूस करतो.

हे वाटेवरच्या एका जीपने तेल आणायला बीडला गेले. मी देवळात जाऊन बसले. करण्यासारखं काहीच नव्हतं. दोन-तीन तास देवळाजवळच्या धबधब्याचा आवाज ऐकत होते, आणि एवढा वेळ काहीही न मागता मी देवासमोर कधी बसले नव्हते. दुपारी गाडी चालू ठेवून थोडं थोडं तेल ओतलं, पट्टी पाहत पाहत. मग मी स्टिअरिंगवर बसले आणि गाडी तो चढ मुकाट चढून गेली. यांनी वाटेतच गिऱ्हाइकाला फोन करून नाही म्हणून सांगितलं.

तो माणूस कोण होता, असं मला लोक विचारतात. लोडरवालाच होता. त्याला भूक लागली होती, घाम आला होता, तो देवबीव नव्हता. त्याच वेळी तो तिथेच का जेवायला बसला, याचं उत्तर मला माहीत नाही आणि आता शोधावंसंही वाटत नाही. मी इतके दिवस निकाल लागल्यासारखी रडत होते आणि खरं दुखणं कुणी बघितलंच नव्हतं, एवढं मात्र मला चांगलं समजलं.

पुढच्या रविवारी मी एकटीच कपिलधारला गेले. जन्मात पहिल्यांदा. सगळ्या वाटेने मनात एक वाक्य घोळवत होते: “महाराज, आज मला कुणी आणलं नाही, माझी मी आले.” फार ऐटीत म्हणणार होते. समाधीपुढे हात जोडले, आणि तोंडून निघालं, “तुम्हीच आणलंत.”