रंभाची काळी पट्टी

किन्हवलीच्या कोंडू विशेची मुलगी रंभा मुंबईला रसायनशास्त्रात संशोधन करते, एवढंच गावाला ठाऊक होतं. कशावर करते, असं कोणी विचारलं की कोंडू सांगायचा, "काजळी करते." त्यात तसं खोटं काही नव्हतं. तिच्या भट्टीतून निघणारी काळी भुकटी काजळीसारखीच दिसे. पण ती होती कार्बनच्या पोकळ नळ्यांची, आणि एकेक नळी केसाहून हजारो पटींनी बारीक. या नळ्या थोड्याशा प्लास्टिकमध्ये नीट मिसळल्या, तर एरवी वीज अडवणारं प्लास्टिक वीज वाहून नेऊ लागतं. रंभाला तेच करून दाखवायचं होतं, आणि तिचं प्लास्टिक काही केल्या ऐकत नव्हतं.

नळ्या एकमेकींना चिकटायच्या, त्यांच्या गुठळ्या व्हायच्या. रंभा त्या द्रावकात टाकून यंत्रावर ढवळत ठेवी. गुठळ्या राहिल्या की आणखी ढवळी.

प्लास्टिकचे दाणे वितळवून, त्यात भुकटी मिसळून पट्टी काढणारं मशीन तिच्या प्रयोगशाळेत नव्हतं. ते होतं मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात. तिथला सुपरवायझर देवराम शहापूरच्या कॉलेजात तिच्या वर्गात होता. दोन हजार चारच्या उन्हाळ्यात त्याने मालकाला गळ घातली आणि सुट्टीच्या दिवशी मशीन वापरायची परवानगी मिळवून दिली. मग रंभा स्टीलच्या डब्यात भुकटी घेऊन मुंबईहून घरी यायची आणि तिथून सरळगावमार्गे एसटीने मुरबाडला जायची, आणि सोबत कोंडू. पोरीला सोबत म्हणून येतो म्हणायचा; खरं तर त्याला मशीन बघायचं होतं.

पट्टी निघाली काळीभोर, गुळगुळीत. वीज मात्र तिच्यातून जाईना. पुढच्या खेपेलाही तेच. परतीच्या एसटीत रंभा खिडकीकडे तोंड करून बसली. कोंडूने सरळगावला उतरून गरम भजी आणली नि पुडा तिच्या मांडीवर ठेवला.

त्याच आठवड्यात तिने बाद पट्टीचा तुकडा मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला दिला. फोटो आला आणि रंभा बघतच राहिली. गुठळ्या सुटल्या होत्या, पण नळ्यांचे पार तुकडे झाले होते. आखूड नळ्या एकमेकींपर्यंत पोचतच नव्हत्या, मग वीज पुढे जाणार कशी? जास्त ढवळून तिनेच त्या मोडल्या होत्या. तिला एकटीलाच हसू फुटलं. मार्गदर्शक बाईंना सांगताना तर ते आवरेना.

आता तिने पद्धत बदलली. द्रावकात आधी तेच प्लास्टिक थोडं विरघळवलं, त्यात नळ्या सोडल्या आणि जेमतेम ढवळल्या. प्लास्टिकचा पातळ थर नळ्यांवर बसला, त्या सुट्या राहिल्या आणि लांबही राहिल्या. तो वाळलेला चुरा घेऊन ती पुन्हा मुरबाडला गेली.

पट्टी निघाली, थंड झाली. रंभाने तिचं एक टोक बॅटरीला जोडलं, दुसऱ्या टोकाला छोटा लाल दिवा. देवरामने शेवटची तार टेकवली आणि दिवा लागला.

मग कोंडू पुढे सरकला.

"बंद कर नि पुन्यांदा लाव," तो म्हणाला. "मना नीट बगू दे."

तिने लावला. मग त्याने स्वतः लावून पाहिला, आणि देवरामलाही लावायला लावला.

संध्याकाळी किन्हवलीत कोंडूच्या ओटीवर निम्मी आळी जमली. ज्याला त्याला आपल्या हाताने दिवा लावायचा होता. रंभाच्या आईने, बाईजाने, मात्र रोकडा सवाल केला.

"यो दिवा तं तारेनं पन लागतो. मंग याचा उपेग काय गो?"

"पेट्रोल प्लास्टिकच्या पाइपातून वाहतं ना आई, तवा पाइपात वीज साठते नि ठिणगी पडायची भीती असते. पाइप असा असला तर ती साठत नाय, निघून जाते."

बाईजाला ते पटलं. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर तिने ते इतकं रंगवून सांगितलं की देशभरचे पेट्रोलपंप आता रंभाच सांभाळते, असं बायकांना वाटलं.

दोन वर्षांनी मुंबईला रंभाची पीएचडीची तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेले परीक्षक नळ्यांच्या लांबीवरच अडून बसले होते. तिने मोडक्या नळ्यांचा फोटो लावला आणि आपली चूकच आधी सांगितली. परीक्षक खुर्चीत पुढे सरकले, आणि मग प्रश्न संपेचनात. ती दारातून बाहेर आली तेव्हा निकाल जाहीर व्हायचा होता. कोंडूने मात्र शिपायापासून सुरुवात करून अख्ख्या मजल्यावर पेढे वाटून टाकले होते.

"बाबा, अजून सांगितलं नाय त्यांनी," रंभा म्हणाली.

"सांगतील," कोंडू म्हणाला, आणि एक पेढा तिच्याही हातावर ठेवला.