काशीरामचे कान

चारशे चाळीस व्होल्टच्या तारांत हात घालून ज्याने अठ्ठावीस वर्षं काढली, तो माणूस एका स्पीकरला घाबरतो, हे कोणाला सांगून पटलं असतं का? म्हणून जूचंद्रच्या काशीराम भोईरने ते कोणालाच सांगितलं नाही.

काशीराम गोखिवऱ्यात फ्रेडरिक शेठच्या गाळ्यात मोटरी दुरुस्त करतो. बिल्डिंगांचे पाण्याचे पंप, पिठाच्या गिरण्या, कारखान्यांतले मोठाले पंखे, सगळं तिथे येतं. बाकीचे कारागीर मीटर लावतात, काशीराम पेचकस लावतो. पेचकसाचं टोक चालू मोटरच्या बेअरिंगपाशी टेकवायचं, मूठ कानाशी दाबायची आणि डोळे मिटायचे. गोळी घासतेय, की बेअरिंग फुटायला आलंय, की नुसतं ग्रीस आटलंय, ते तो अर्ध्या मिनिटात सांगणार. "काशी बोलला ना, मग खोला," असं शेठ गिऱ्हाइकासमोर म्हणायचे, आणि काशीराम खाली मान घालून हात पुसायचा, पण आतून फुलून यायचा. ही विद्या त्याला कोणी शिकवलेली नाही आणि कुठल्या सर्टिफिकेटावर लिहिलेली नाही. गडी जो काही आहे तो त्या दोन कानांवर.

गेल्या वर्षी त्याची साखर वाढली. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा, पण गुडघे झिजलेत, तेव्हा फार चालू नका, सायकल चालवा. आता नायगाव पूर्वेला, जूचंद्रच्या रस्त्यावर, डंपरांच्या मधून सायकल घालायची म्हणजे साखरेच्या आधी माणूसच संपायचा! मुलगा दीपेश हुशार. गावाला चिकटून जे टॉवर उभे राहिलेत त्यांतल्या एका जिममध्ये त्याने बापाचं नाव परस्पर घालून टाकलं. सकाळी साडेसहाची बॅच. वीस सायकली, आणि त्यातली एकही जागची हलत नाही.

"एसी हाय, म्युझिक हाय. मजा येते बाबा," दीपेश म्हणाला.

मजा कसली, डोंबलाची! खोलीत अंधार, निळेजांभळे दिवे, चारही कोपऱ्यांत माणसाच्या छातीएवढे स्पीकर. समोर चौथऱ्यावर शिकवणारी ऋतिका, चोवीस-पंचविशीची, तोंडाशी माइक. गाणं सुरू झालं आणि काशीरामच्या कानठळ्या बसल्या. दात हलले म्हणावं तर खोटं, पण पुढचा बसवलेला खोटा दात आहे तो खरंच थरथरला. ऋतिका ओरडत होती, "चला, चला! एनर्जी कुठे आहे?" काशीरामची एनर्जी कानातून गळत होती.

क्लास संपल्यावर ती घाम पुसत त्याच्यापाशी आली. पोरगी लाघवी, म्हाताऱ्यांना आवर्जून विचारणारी. "काका, आवाज ठीक होता ना?"

काशीराम बोलणारच होता. पण पहिल्या रांगेतून लेस्ली उतरत होता. लेस्ली म्हणजे फ्रेडरिक शेठचा मुलगा. लग्नानंतर गिरीज गावातली घरची वाडी सोडून तो याच टॉवरमध्ये राहायला आला होता, आणि शेठ थकल्यापासून गाळ्याचा निम्मा कारभार त्याच्याच हातात होता. त्याच्यासमोर म्हणायचं, माझ्या कानाला सोसत नाही? काशीरामने?

"बेस होता, झकास," काशीराम म्हणाला.

बाहेर पडला तेव्हा कानाला दडे बसले होते. दुपारपर्यंत ते गेले, आणि मागे राहिली एक शिट्टी. बारीक, उंच, लांबवर कोणीतरी कुकर विसरल्यासारखी. दोन दिवसांनी पुन्हा क्लास, पुन्हा शिट्टी. महिन्याभरात ती मुक्कामालाच आली.

आणि मग काशीरामला धर्माकाका आठवायला लागला. धर्माकाका खदानीत सुरुंग लावायचा. चाळिशीत त्याचे कान गेले. आधी घरचे ओरडून सांगायचे, मग हातवारे करून सांगायला लागले, मग सांगायचेच बंद झाले. हळदीच्या मांडवात काका कडेला बसायचा आणि लोक हसले की मागाहून हसायचा, एक क्षण उशिरा. लहानपणी काशीरामने त्याची नक्कल करून सगळ्या पोरांना हसवलं होतं. आता पहाटे डोळे उघडायच्या आधी तो कानापाशी दोन बोटं चोळून बघायचा. आवाज आला की मग उठायचा. ज्या दिवशी येणार नाही त्या दिवशी काय करायचं?

क्लास सोडून दे की बाबा, असं आपण म्हणू. सोडतो कसा! साखर उतरली होती ना. डॉक्टर खूश, दीपेश अख्ख्या गावाला सांगत सुटलेला. सोडायचं तर कारण द्यावं लागणार, आणि कारण जिममधून लेस्लीपर्यंत, लेस्लीकडून शेठपर्यंत जाणार. कारागिराचे कान गेले ही गोष्ट गाळ्यात कळली की संपलं सगळं.

मग तो बुधवार आला. वसईच्या एका सोसायटीचा पंप आला होता. काशीरामने पेचकस लावला, डोळे मिटले. शिट्टी! बारीक, स्पष्ट. "बेअरिंग गेलं," तो म्हणाला. "खोला."

मोटर खोलली. बेअरिंग धुऊन हातात घेतलं तर आरशासारखं लख्ख. कुठे चरा नाही, डाग नाही. दोष निघाला तो पंपाच्या पाणी ढकलणाऱ्या पंख्यात, त्यात एक दगड अडकला होता. मोटर परत जुळवेपर्यंत दिवस गेला, आणि सोसायटीचे लोक पाण्यासाठी फोनवर फोन करत राहिले.  शेठ नुसते म्हणाले, "होतं कधीकधी, काशी." अठ्ठावीस वर्षांत हे वाक्य त्यांनी त्याला पहिल्यांदा ऐकवलं होतं. लेस्ली टेबलामागून बघत होता.  त्याने बेअरिंगचा नव्हे, स्वतःच्याच डोक्यातला आवाज ऐकला होता.

घरी बायकोने, सत्यवतीने, ताट वाढलं. तो जेवेना. शेवटी त्याने तिला सगळं सांगितलं आणि तिचा हात धरला. "कोनाला सांगू नको हां. माझं काम जाईल."

सत्यवती घाबरली, पण रडत बसणाऱ्यांतली ती नव्हे. "कानात कापूस घाला," ती म्हणाली.

कापसाने काय होतंय! स्पीकरचा धडाका छातीतून आत येत होता. मग त्याला गाळ्यातला खण आठवला. एका कारखान्याने कधीतरी नारिंगी स्पंजचे कानगोळे दिले होते, डब्यांच्या डब्या. ते कोणी वापरले नव्हते. "ऐकून पोट भरनारा मानूस कान बंद करेल का रं?" असं म्हणून सगळ्यांत मोठ्याने हसला होता तो हाच काशीराम. आता त्याने इकडेतिकडे बघत, चोरासारखं, दोन जोड्या खिशात टाकल्या.

गोळ्यांनी गाणं लांब गेलं, बरं वाटलं. पण ऋतिकाच्या सूचनाही गेल्या. सगळे थांबून पाणी प्यायले तरी हा आपला जीव तोडून पाय मारतोय! शेजारच्या बाईने खांदा हलवला तेव्हा कळलं. लोक हसले, आणि एक क्षण उशिरा काशीरामही हसला. हसताना त्याला धर्माकाका दिसला.

सोमवारी तो वेळेआधीच पोचला. स्पीकर बंद होते, साधे दिवे लागले होते. ऋतिका एकटीच चौथऱ्यावरच्या तिच्या सायकलवर सावकाश पाय मारत होती. काशीराम दारात थबकला. शिट्टी! कालपेक्षा मोठी.  गेले कान, तो मनात म्हणाला, गेले.

तेवढ्यात ऋतिका पाणी प्यायला थांबली आणि शिट्टीही थांबली. तिने पाय मारले, शिट्टी पुन्हा सुरू. काशीरामने श्वास रोखला. ती पुन्हा थांबली, शिट्टी थांबली. कान नव्हे, सायकल! त्या माणसाला नाचावंसं वाटलं.

"बाय, तुझी सायकल ओरडतेय गं!"

"कुठे काका? एकदम स्मूथ आहे."

त्याची कामाची पिशवी संगतीच होती. त्याने तिला खाली उतरवलं, हाताने पेडल फिरवून चाकाच्या मधोमध पेचकस टेकवला, कान लावला, आणि झटक्याने मागे घेतला, एवढं ते किंचाळत होतं. "ये, तूच आयक."

ऋतिका हसत वाकली. मूठ कानाशी धरली. "थोडी घरघर येते."

"तिच्यावरती. बारीक शिट्टी."

"नाही."

"दुसऱ्या कानाने बघ."

तिने कान बदलला. पेडल फिरत होतं, आणि काशीरामला तर पेचकसाशिवाय, उभ्या उभ्या ऐकू येत होतं. "नाही काका," ती म्हणाली. ती अजून हसतच होती.

काशीरामचा हात थांबला. "दिवसाला किती बॅच घेतेस?"

"पाच. शनिवारी सहा. तीन वर्षं झाली." मग ती जरा चाचरली. "घरी आई ओरडते, टीव्ही केवढ्याने लावतेस म्हणून. मला वाटलं, तीच कटकट करते."

"झोपायला गेल्यावर कानात वाजतं?"

ऋतिकाचं हसू गेलं. तिने दाराकडे बघितलं. माणसं यायला लागली होती, त्यांत लेस्लीही होता. तिने काशीरामचं मनगट घट्ट धरलं.  "काका, प्लीज, कोणाला सांगू नका. माझं काम जाईल."

काशीरामला तिचा चेहरा बघवेना. आपलं वय चोपन्न, हिचं पंचवीस. त्याने खिशातली कोरी जोडी काढून तिच्या मुठीत कोंबली. "घाल हे. आनि दुपारी कानाच्या डॉक्टरकडे जायचं, मी येतो संगती."

दिवे निळे झाले. सगळे सायकलींवर चढले. ऋतिकाने पाठमोरी होऊन गोळे घातले आणि आवाजाच्या बटणाला हात लावला. गाणं हळू सुरू झालं, तशी पुढून दोघं-तिघं ओरडली, "मॅम, आवाज वाढवा ना! काय हे?" तिने शेवटच्या रांगेत, काशीरामकडे बघितलं.  आता कारण काय सांगणार होती ती?

  काशीरामने स्वतःच्या कानातले गोळे उपसले.

"वाढवू नको बाय!" तो एवढ्या मोठ्याने बोलला की सगळ्या माना वळल्या. "माझे कान खराब झालेत. मना सोसत नाय."

ऋतिकाने आवाज होता तेवढाच ठेवला. पहिल्या रांगेत लेस्लीने पाय थांबवले आणि मागे वळून बघितलं.