बघतोय कुणाकडे?

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चार मित्र नेपियर टाउनच्या माझ्या घरी टेबलावर साहसाचा खेळ मांडतो. त्यातले बोटाएवढे योद्धे रंगवायचं काम माझं. चिलखत, ढाल, तलवार झकास जमतात. डोळे मात्र दरवर्षी तिरळे होतात.

यंदा बारीक ब्रश कुठे मिळतो ते विचारायला शहराजवळच्या भेडाघाटला गेलो, नमुन्याला डोळे रंगवायचा राहिलेला एक योद्धा खिशात घालून. संगमरवरी मूर्तींच्या दुकानात एक बाई छोट्या गणपतींचे डोळे रंगवत होती. ब्रशचं टोक तळहातावर फिरवायची, श्वास रोखायची आणि ठिपका टेकवून मोकळी. हात जरासुद्धा कापत नव्हता. मला तिचा रागच आला. ही नक्की फसेल, अशा आशेनं योद्धा तिच्यापुढे ठेवला.

तिनं तो फिरवून पाहिला. "भैया, ये देख किसको रहा है?"

"किसी को नहीं. खेल का है."

"तभी तो. पहले वो तय करो, फिर आँख बनेगी." आणि तिनं दोन ठिपके दिले.

खेळाच्या दिवशी एका मित्रानं नेमका तोच उचलला. "अरे, हा तर माझ्याकडेच बघून राहिला! तूच रंगवला ना?"

"हो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी नवा योद्धा घेऊन बसलो. हा कुणाकडे बघतो, ते आधी ठरवलं. पहिल्यांदाच डोळे सरळ आले. तो तिच्या योद्ध्याकडे बघतोय, आणि जळतोय.