वाळूतली येळवस

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चिंचा फोडणं. अंगणात पोतं अंथरलेलं. माझी बायको कौसा चिंच ठेचत होती आणि मी चिंचोके काढत होतो. तिचं अर्धं लक्ष रस्त्याकडं. कोणी दिसलं की हाळी गेलीच.

"काय गं सखू, तशीच चालली व्हय? चहा घे की घोटभर."

सखूला घाई होती, तरी आली. चहा प्याली, पदरात चिंचा घेऊन गेली. मी म्हणालो, "गावाला चहा पाजून काय मिळतं गं तुला?"

"तुमी चिंचोके काढा," ती म्हणाली.

आमच्यात असंच चालायचं. मी चौथी शिकलेला, जिभेला हाड नसलेला माणूस. पालमच्या बाजारात माझी ओळख एकच, ह्याच्या तोंडी लागू नका. भावकीतले म्हणायचे, ह्याच्या दारात कुत्रं थांबत नाही. खरं होतं ते. आमच्या दारात माणसं थांबायची ती कौसामुळं. तिचा आवाज असा की तीन शेतं ओलांडून जाईल, आणि त्यात राग कधी नसायचा. भांडायची तीसुद्धा जेवायला बोलावल्यासारखी.

मागच्या साली तिला धाप लागायला लागली. डॉक्टर म्हणाले, काळीज थकलंय, जपा. ही गोळ्या पदराच्या गाठीत बांधून हिंडायची. जावई फौजेत, जैसलमेरला. लेकीनं हट्ट धरला, "आई, थंडीत या, हवापालट होईल." कौसा तयार झाली, पण एका गोष्टीला अडली. येळवस तिकडंच येणार होती.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. आमच्या भागात त्या दिवशी रानातच सगळं. काळ्या आईची पूजा, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, ताकातली आंबील. आणि रस्त्यानं जाणारा ओळखीचा असो नसो, त्याला हाळी देऊन जेवायला बसवायचं. उपाशी कोणी बांधावरून गेला तर ती येळवस झालीच नाही. कौसानं लग्न झाल्यापासून एक येळवस चुकवली नव्हती. शेवटी तिनं आंबिलीसाठी ज्वारीचं पीठ आणि मडकं कपड्यांत गुंडाळून घेतलं अन् म्हणाली, "माती तिकडंबी असंल की."

जैसलमेरला लेकीच्या घरून आम्ही सकाळी निघायचो, दिवेलागणीला परत. किल्ला पाहिला, नक्षीच्या हवेल्या पाहिल्या. कौसा म्हणायची, "एवढ्या उंचावर बायकांनी पाणी कसं चढवलं असंल?" किल्ल्यात तिनं पाहिलं ते एवढंच.

येळवसच्या दिवशी कौसानं पहाटेच उंडे आणि आंबील करून घेतली. आम्ही जीप ठरवली, वाळवंटात आतपर्यंत जाणारी. लेक म्हणाली, "आई, लय आदळते ती."

"आठव्या महिन्यात बैलगाडीतून गंगाखेडला गेलेय मी, तुझ्याच येळंला," कौसा म्हणाली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली.

ड्रायव्हर खेमाराम म्हणून होता, मोठ्या मिशांचा. त्यानं वाटेत एक ओस गाव दाखवलं. घरांच्या नुसत्या भिंती, गल्ल्या सरळ, चुली जागच्या जागी. म्हणाला, लोक फार वर्षांपूर्वी सोडून गेले. तिथं आलेले बाकीचे लोक फोटो काढत होते. कौसा एका उंबऱ्याशी थांबली आणि सवयीनं हाक दिली, "हाय का कोणी घरात?" मग स्वतःच हसली. पण जीपमध्ये बसल्यावर मागं वळून त्या भिंतींकडंच बघत राहिली.

"काय झालं?" मी विचारलं.

"माझ्यामागं तुमचं घर असंच व्हणार," ती म्हणाली. "भिंती राहतील. माणूस येणार न्हाई. तुमाला हाक मारता येत न्हाई ना."

मी म्हणालो, "मरायची भाषा काढू नको." ती म्हणाली, "मी मरायचं कुठं म्हणाले? हाकेचं म्हणाले."

पुढं रस्ता संपला. जीप वाळूच्या टेकडीवर चढायची आणि पलीकडं धाडकन खाली सुटायची. मी देवाचं नाव घेत होतो, ही खेमारामला म्हणत होती, "और एक बार, बाबा." एका उंचवट्यावर थांबलो. चहूकडं वाळूच वाळू. कौसानं पूजेला पाच पांडव म्हणून मांडायचे पाच खडे जीपमधून काढले. ते तिनं त्या ओस गावातून उचलून आणले होते. त्यांना लावायला चुना नव्हता, तिनं पिठाची बोटं लावली. पूजा केली, मडक्यातली आंबील चारी बाजूंना शिंपडली.

खेमाराम म्हणाला, "माताजी, यहाँ कुछ नहीं उगता."

"उगे न उगे," कौसा म्हणाली, "आज के दिन माटी को भूका नै रखते."

मग ती हाळी द्यायला उभी राहिली. दूर दोन जीपा दिसत होत्या. तिनं तोंड उघडलं, पण आवाज निघेना. दम भरला होता. छातीवर हात ठेवून खाली बसली आणि मला म्हणाली, "आज तुमी द्या."

"मला येत न्हाई."

"माणसं उपाशी चाललीत. द्या."

मी उभा राहिलो. जन्मात पाखरं हाकलण्यापलीकडं कोणाला हाळी दिलेली नाही. तसाच ओरडलो. खांद्यावरचा टॉवेल काढून गरगर फिरवला. त्या जीपा वळल्या आणि धुरळा उडवत सुसाट आल्या. चारपाच जण दोरखंड, फावडी घेऊन खाली उड्या मारून विचारायला लागले, "कहाँ फँसी? कहाँ फँसी?"

खेमारामनं कपाळाला हात लावला. "बाबूजी, ये तो गाड़ी फँसने का इशारा है!"

मी तर वाळूत जाईन का कुठं जाईन असा झालो. कौसा मात्र हसून हसून खोकत होती. "आलाव ना? मग बसा. उपाशी जायचं न्हाई." शब्द कोणाला कळले नाहीत, मतलब कळला. गॉगलवाली एक मुंबईची पोरगी, दोन परदेशी, ड्रायव्हर, सगळे वाळूत मांडी घालून बसले. कौसानं उंडे वाढले. आंबील पिऊन एका परदेशी माणसाचं तोंड वाकडं झालं, तरी त्यानं दुसऱ्यांदा घेतली.

परतताना ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, "आली की न्हाई माणसं? तुमच्या हाकेवर आली."

"मदतीला आली ती. जेवायला न्हाई."

"कशालाबी येऊ द्या. आधी हाक तर मारावी."

गावी परत आल्यावर पुढं ज्या दिवशी चिंचा फोडल्या, त्याच संध्याकाळी तुळशीपुढं दिवा लावून उठताना ती भिंतीला टेकली आणि बसली ती बसलीच. गोळी काढायलाही वेळ मिळाला नाही.

सकाळी लेक-जावई अजून वाटेत होते. मी तिच्या उशाशी बसलेलो. बाहेर कुजबुज ऐकू आली म्हणून पाहिलं. अख्खं गाव लोटलं होतं, पण रस्त्यावरच. बाया तोंडाला पदर लावून लिंबाखाली उभ्या. रडत होत्या, पण फाटकाच्या आत एक पाऊल टाकत नव्हत्या. मला भिऊन.

मी उठलो. अनवाणीच रस्त्यावर गेलो. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते.

"आत या," मी म्हणालो. "सगळे आत या. ती आत हाय."