सावरीची वही

आधीच सांगतो, हसायचं असेल तर चहाचा कप खाली ठेवून हसा. गेल्या वेळी मन्याच्या नाकातून आला होता.

तर झालं काय, आमचे विज्ञानाचे सर सांगलीकडचे. त्यांना कोकणातलं सगळंच भारी वाटतं. चिऱ्यावरचं शेवाळ दिसलं तरी फोटो काढतात! आम्ही आठवीत होतो तेव्हा जानेवारीत त्यांनी फर्मान काढलं. प्रत्येकानं एक झाड धरायचं, दर पंधरा दिवसांनी बघून यायचं. पानं, फुलं, पक्षी, दिसेल ते तारखेनिशी वहीत. दिवाळीपर्यंत! नववीच्या निकालात त्याचे वीस मार्क.

माझं विज्ञान तुम्हाला ठाऊकच. ते वीस गेले तर मी गेलो. बाबांनी बजावलेलंच, "नववीत आपटलास ना, तर दप्तर माळ्यावर नि तू मुंबईला, काकाच्या कॅन्टीनात भांडी घासायला!"

मी गावामागच्या सड्यावरची, त्या कातळाच्या माळावरची, सावर धरली. पहिल्या दिवशी इमानदारीत गेलो. खोडाला हे काटे, म्हणून अगदी मुळाशी कोयतीनं नाव कोरलं, 'पक्या'. वहीत पण लिहिलं, 'ओळख पटावी म्हणून बुंध्यावर नाव कोरले आहे.'

त्यानंतर तिकडे फिरकलो असेन तर शपथ!

अहो, जायचं कशाला? सावर कधी काय करते हे इथल्या शेंबड्या पोराला पण माहीत. शिमग्याच्या आधी पानं झडून लाल फुलं, वर मैनांची भांडणं. वैशाखात बोंडं फुटून कापूस अंगणभर. पावसात नुसती पानंच पानं. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात एका बसणीत दहा महिने लिहून काढले. तीन रंगांची पेनं, मधेच चहाचा डाग, म्हणजे वही जुनी वाटावी. डोकं बघा माझं!

पण लिहिता लिहिता हात सुटला ना. सावरीच्या ढोलीत मी ककणेरची जोडी बसवली. धनेश म्हणतात तो मोठ्या चोचीचा पक्षी हो! मादी ढोलीत कोंडून घेते नि नर बाहेरून फळं भरवतो. मी तर मे महिन्यात पिल्लू पण उडवलं.

सर वही वाचून खुर्चीतून उठलेच. "ककणेर? आपल्या गावात? उद्या सकाळी अख्खा वर्ग पक्याच्या झाडाखाली!"

झालं. सकाळी मी पुढे, वर्ग मागे. सड्यावर पोचलो तर झाडच नाही!

आता? मी शेजारच्या ऐनाच्या झाडाला हात लावला. "हीच, सर."

"ही सावर? आणि नाव कुठाय तुझं?"

तेवढ्यात सानिका ओरडली, "सर, इथं पक्या लिहिलंय!"

कुठं? तर एका खुंटावर!

"सर, ही तर शिमग्याला तोडली," सानिका म्हणाली. "दरवर्षी गावकर, म्हणजे गावचे मानकरी, होळीसाठी एक झाड ठरवतात. तोडून खाली आणतात. मग पाणंदीपासून पोरं ते खांद्यावर नाचवत सहाणेवर नेतात, होळी उभी करतात तिथं. आणि सर, सगळ्यात पुढं हाच होता! बोंबलून बोंबलून दोन दिवस घसा बसला होता याचा."

आईशपथ! म्हणजे नाचवलं ते माझंच झाड? मला काय ठाऊक? आडवं झाल्यावर सगळी झाडं सारखीच दिसतात!

सरांनी शांतपणे वही उघडली. शिमग्याला ते सांगलीला होते, त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. मोठ्यानं वाचलं, "'होळी पौर्णिमा. आज झाड फार आनंदात होते. सारखे डोलत होते.'"

"डोलतच होतं सर," मन्या म्हणाला, "याच्याच खांद्यावर!"

पोरं सड्यावर लोळायची बाकी राहिली.

"आणि ककणेर?" सर म्हणाले. "ती काय पालखीत बसून गेली का रं?"

मी खाली बघतोय. खुंटाला गुरांनी कुरतडलेला बोटभर फुटवा होता. सरांनी पण तोच बघितला.

"हा फुटवा तुझ्या खांद्याला लागला की वीस मार्क. नोंद दर पंधरा दिवसांनी. यावेळी बघून!"

"सर, त्याला दोन वर्षं लागतील!"

"लागू देत की लेका. तू कुठं चाललायस? नववीतच हायस की!"

तेव्हा आता संध्याकाळचा मी सड्यावर कुणाची गुरं हाकलताना दिसलो, तर शेतीची आवड लागली असं समजू नका. माझ्या दहावीला कुंपण घालतोय.