भिंगरीचा कान

आमच्या भागात बेवारशी जनावरांचं एक आश्रयघर आहे आणि तिथे एक कंपाउंडरबाई आहेत. आल्या होत्या झाडलोटीला. डॉक्टरांच्या मागे उभं राहून राहून हात तयार झाला. आता बावीस वर्षं जखमा धुणं, पट्ट्या बांधणं त्यांच्याकडेच. मनगटांवर दातांचे इतके व्रण, की मी एकदा म्हटलं, "बाई, हा तुमचा नोकरीचा दाखलाच!" तर म्हणाल्या, "आजोबा, कुत्रं चावतं ते दुखतं म्हणून. माणूस का चावतो ते अजून कळलं नाही." जनावरावर कधी आवाज चढवला नाही, पण हयगय करणाऱ्या मालकांची सालटी काढतात.

इथवर मी हसत सांगतो. पुढे मान खाली जाते.

आमची भिंगरी दहा वर्षांची कुत्री. तिच्या पोटाखाली लिंबाएवढी गाठ आली. सूनबाई म्हणाली, "बाबा, आज दाखवूनच या." गेलो. तिथली पद्धत अशी, की पाळलेल्या जनावरांना नंबर आणि बेवारशी थेट आत. माझा नंबर तेविसावा आला असता. इकडे अकरा वाजता बागेतल्या बाकावर आमची म्हातारी मंडळी जमतात आणि गोष्टी सांगणारा मीच. बाक काय पळून जाणार होता? पण नाही! फाटकाबाहेर मी भिंगरीचा पट्टा काढून खिशात कोंबला आणि गळ्यात दोरी अडकवून तिला आत नेलं.

"कुणाची?" बाईंनी वही उघडली.

"कुणाची नाही हो. रस्त्यावर सापडली."

एवढ्यावर थांबलो तर मी कसला! गटारापाशी कशी कण्हत होती, मी ओंजळीनं पाणी कसं पाजलं, सगळं साग्रसंगीत सांगितलं. रांगेतल्या एका आजींनी डोळे पुसले. "या वयात केवढी माया!" म्हणाल्या. खोटं कशाला सांगू, मला ते गोड लागलं.

"सकाळपासून काही खाल्लंय हिनं?"

"छे! काल रात्रीपासून ताटलीला तोंड लावलं नाही," मी बोलून गेलो.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग भिंगरीच्या मानेवरून सावकाश बोटं फिरवली. "खरंच कुणाची नाही?"

"नाही."

"गाठ आजच काढतील. बेवारशी असली, तर त्याच भुलीत पिल्लं न होण्याचं ऑपरेशन होतं आणि कानाचं टोक कापतात. खूण म्हणून. ते काही परत येत नाही. शेवटचं विचारते आजोबा, कुणाची नाही ना?"

आजी बघत होत्या. सगळी रांग बघत होती. भिंगरीही बघत होती.

"नाही," मी म्हटलं.

अकराला बाकावर हजर! सापडलेल्या कुत्रीची गोष्ट अशी रंगवली, की मंडळी हलेनात. शेवटी आमचे पोस्टमास्तर म्हणाले, "आणा की तिला घरी. तुमच्या भिंगरीला सोबत होईल."

तोंडात मारल्यासारखं झालं. चप्पल नीट न घालताच उठलो.

पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. भिंगरी पिंजऱ्यात गुंगीत पडलेली, डाव्या कानाला टोक नाही. मी खाकरलो मात्र, तिची शेपटी पत्र्यावर टपटप वाजायला लागली. मी खिशातून पट्टा काढला.

"मानेभोवतीचे केस पट्ट्यानं झिजलेत," बाई म्हणाल्या. "सकाळीच कळलं मला."

"मग थांबवलंत का नाही?"

"तीनदा विचारलं. वहीत मालक नसेल तर आम्ही तसंच करतो. तिच्या वतीनं बोलायचं काम तुमचं होतं."

बस्स, एवढंच. सालटी काढली असती तर बरं वाटलं असतं. त्यांनी पट्टा एक भोक सैल करून स्वतःच तिच्या गळ्यात बांधला.

टाके काढायला गेलो तेव्हा नंबर एकतिसावा होता. अकरा वाजून गेले, बारा वाजले. नंबर आला तेव्हा बाईंनी वही उघडली, मान वर न करता विचारलं, "कुणाची?"

"माझी," मी म्हटलं. साऱ्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

बाईंनी लिहून घेतलं. भिंगरीनं माझा आवाज ऐकून कान टवकारले, दीड कान.